अम्मीची यादी आणि काळी खिडकी
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या पावसाळ्यात घर आवरताना एका पत्र्याच्या डब्यात मला फ्लॉपी सापडली. काळी, साडेतीन इंची, वर माझ्याच अक्षरात 'अम्मीचे शब्द' असं लिहिलेलं. आजच्या मुलांना फ्लॉपी दाखवली तर ती त्यांना संगणकातल्या 'सेव्ह'च्या चिन्हाची प्रतिकृती वाटते. माझ्या तरुणपणाची दोन वर्षं मात्र तिच्यात होती.

त्याची हकीकत अशी. आमच्या घरात अम्मी बोलायची ती भाषा म्हणजे दखनी, पण मराठीच्या शेजारात वाढलेली. दखनीनं आपला 'नको' उचलला आणि 'नक्को' म्हणून थेट हैदराबादेत नेला. आपला जोर देणारा 'च' तिथं 'इच' होऊन बसला, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मला अम्मीच्या तोंडचे शब्द वहीत टिपायचा नाद लागला. ती 'कलम'ला 'खलम' म्हणायची, तर मी 'खलम'च लिहायचो, ख खाली नुक्ता देऊन. चुलीजवळ बसून मी लिहितोय हे पाहून ती म्हणायची, "परीक्षा में ये आनेवाला है क्या?"

कॉलेजात गणित शिकवणारे एक सर होते. त्यांनी कर्ज काढून संगणक घेतला होता आणि त्यात जिस्ट कार्ड बसवलं होतं. देवनागरीसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, आणि त्या कार्डामुळे साध्या डॉसच्या संगणकावर मराठी अक्षरं उमटू लागली. माझ्या वह्या पाहून सरांनी स्वतः पास्कल भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात चित्रं नव्हती, माउस नव्हता. काळ्या पडद्यावर प्रोग्रामचं नाव टंकायचं, पुढे एक अक्षर टंकायचं, एंटर दाबायचं. एका अक्षरानं नवा शब्द घालता यायचा, दुसऱ्यानं पूर्ण यादी मिळायची. जागा वाचवण्याची सरांना भारी सवय. शब्द आणि अर्थ त्यांनी स्वतःच्याच एका युक्तीनं आवळून, बांधून फाइलीत ठेवले होते. १९९४ साली यादी पूर्ण झाली. २,३१७ शब्द.

पुढे विंडोज आलं, सरांचा संगणक भंगारात गेला आणि त्याबरोबर प्रोग्रामची मूळ संहिताही. २००७ साली सर गेले. माझ्या वह्या त्याआधीच वाळवीनं खाल्ल्या होत्या. राहिली ती ही फ्लॉपी.

बहिणीचा मुलगा पुण्यात संगणकाच्याच नोकरीत आहे. त्यानं कुठून तरी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह पैदा केला. नशिबानं फ्लॉपी वाचली गेली. तिच्यावर दोनच फाइली होत्या, एक प्रोग्राम आणि एक त्यानं बांधलेलं गाठोडं. गाठोडं उघडण्याची रीत फक्त त्या प्रोग्रामला ठाऊक, म्हणजे प्रोग्राम चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझ्या घरच्या संगणकावर तो चालवायला गेलो तर विंडोजनं सरळ नकार दिला. हल्लीच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे जुने प्रोग्राम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. भाचा म्हणाला, "मामू, प्रोग्राम धडधाकट आहे. त्याला फक्त १९९३ साल लागतं. ते आपण त्याला देऊ." आणि त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली.

त्या खिडकीत एक चिन्ह आणि एक लुकलुकणारी खूण, एवढंच. मला वाटलं, हा मला पुन्हा डॉसमध्ये घेऊन चालला. पण ते डॉस नव्हतं. ते त्याच्याहून जुनं होतं, आणि तरीही जिवंत होतं. हे कसं, हे त्याला विचारत आणि पुढे महिनाभर वाचत जे हाती लागलं, ते आज सांगतो.

गोष्ट १९६९ सालची, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिल गावची. तिथं बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची संशोधनशाळा. एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासोबत चाललेल्या मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पातून बेल लॅब्जनं त्या वर्षी अंग काढून घेतलं. त्यावर काम केलेला केन थॉम्पसन हा तरुण मोकळा झाला. कोपऱ्यात पडलेला, फारसा कुणी न वापरणारा पीडीपी-७ नावाचा संगणक त्यानं धरला. त्याची बायको लहानग्या मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली. त्या तीन आठवड्यांत त्यानं संपादक, असेम्बलर आणि गाभ्यासकट शेल अशी एकेका आठवड्यात एकेक गोष्ट लिहून काढली. (बायको गावाला गेल्यावर कवींच्या हातून काय लिहून होतं, ते मी इथं सांगत नाही.) मल्टिक्समधल्या 'अनेक'ला कोपरखळी म्हणून या नव्या बाळाचं नाव 'एक'वरून पडलं: युनिक्स. डेनिस रिची हा दुसरा जनक. दोघांना १९८३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता हे शेल म्हणजे काय? हा शब्द मल्टिक्सच्या काळातला, लुई पूझां या फ्रेंच अभियंत्यानं दिलेला. शेल म्हणजे गाभ्याभोवतीचं कवच. तुम्ही टंकलेली ओळ त्यानं वाचायची, पहिला शब्द प्रोग्रामचं नाव समजायचा, उरलेले शब्द त्या प्रोग्रामच्या हाती द्यायचे, आणि त्याचं काम संपलं की पुन्हा 'बोला' म्हणून उभं राहायचं. जुन्या वाड्यातला दिवाणजीच म्हणा. गंमत अशी, की युनिक्समध्ये हा दिवाणजीसुद्धा एक साधा प्रोग्राम. नको असेल तर बदला. थॉम्पसनचं शेल गेलं, १९७९ साली स्टीव्ह बोर्नचं आलं, १९८९ साली ब्रायन फॉक्सनं 'बॅश' लिहिलं. माझ्या भाच्याच्या खिडकीत तेच होतं. दिवाणजी बदलले, पण त्यांच्याशी बोलायची रीत बदलली नाही.

त्या वेळी संगणकाला सहसा पडदा नसे. टेलिटाइप नावाचं, कागदावर धडधडत छापणारं यंत्र असे. त्यातलं प्रसिद्ध मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. इतक्या संथ यंत्रावर कोण लांबलचक आज्ञा देणार? म्हणून युनिक्सच्या आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या. 'एलएस' म्हणजे यादी दाखव, 'सीपी' म्हणजे प्रत काढ, 'एमव्ही' म्हणजे हलव. यंत्र संग्रहालयात गेलं आणि त्या आज्ञा आजही चालतात.

आणि हे सगळं मूळचं गणितासाठी नव्हे, तर मजकुरासाठी वाढलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. नवा पीडीपी-११ मिळवताना या मंडळींनी वरिष्ठांना सांगितलं होतं, की आम्ही मजकूर सजवून छापणारी व्यवस्था करून देतो. १९७१ साली युनिक्सचं पहिलं खरं गिऱ्हाईक आलं ते बेल लॅब्जच्या पेटंट विभागातले टंकलेखक!

डग्लस मॅकिलरॉय हा तिथला वडीलधारा माणूस. त्यानं १९६४ सालीच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या नळ्या जशा एकमेकींना स्क्रू करून जोडतात, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. हे तो वर्षानुवर्षं घोकत राहिला. अखेर १९७३ साली थॉम्पसननं एका रात्रीत ते करून टाकलं. त्याला म्हणतात पाइप. एका प्रोग्रामच्या तोंडून निघणाऱ्या ओळी थेट दुसऱ्याच्या कानात. दोघं एकाच वेळी चालतात आणि दोघांना एकमेकांची ओळख असायची गरज नाही. अट एकच, बोलायचं ते साध्या मजकुरात, ओळी-ओळीनं. प्रत्येक प्रोग्रामनं एकच काम करावं आणि ते नीट करावं, हा मॅकिलरॉयचा आग्रह.

एक किस्सा मला माझ्या क्षेत्रातला वाटला. ली मॅकमहन या त्यांच्या सहकाऱ्याला 'फेडरलिस्ट पेपर्स' या अमेरिकी राज्यघटनेच्या वेळच्या ८५ निबंधांपैकी कोणता कुणी लिहिला याचा छडा भाषेवरून लावायचा होता. पण तो मजकूर संपादक-प्रोग्राममध्ये मावेना. तेव्हा थॉम्पसननं संपादकातला शोधण्याचा भाग उचलून वेगळा प्रोग्राम केला, 'ग्रेप'. लेखकाची खूण शब्दांत शोधायची म्हणून जन्मलेला हा प्रोग्राम आज जगभरचे तंत्रज्ञ दिवसातून शंभरदा वापरतात. आपल्याकडं अमुक अभंग तुकोबांचा की दुसऱ्या कुणाचा, यावर किती शाई सांडली आहे ते आठवा.

आता डॉसकडं येऊ, कारण सरांचा प्रोग्राम त्या घरचा. १९८० साली सिएटलच्या टिम पॅटरसननं ते घाईघाईनं लिहिलं, मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं आणि १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर ते जगभर गेलं. वरून ते युनिक्ससारखंच दिसतं. काळा पडदा, आज्ञा, एंटर. पण आतले संस्कार निराळे. आधीच्या सीपी/एम या प्रणालीची वळणं त्यात होती. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फाइलींसाठी कप्पेच नव्हते, आणि तिरकी रेघ आज्ञेच्या पर्यायांसाठी खर्ची पडली होती. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत कप्पे आले तेव्हा युनिक्सची तिरकी रेघ मोकळी नव्हती, म्हणून उलटी तिरकी रेघ घेतली गेली. पाइपही त्याच वेळी आला, पण तो नावाचा पाइप. पहिला प्रोग्राम सगळं एका तात्पुरत्या फाइलीत ओतून संपायचा, मग दुसरा उठायचा. एका वेळी एकच प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रात दुसरं काय होणार?

ओळ संपण्याची खूणही वेगळी. टेलिटाइपला नव्या ओळीसाठी दोन हुकूम लागत. एकानं छापणारा भाग डावीकडं परत आणायचा, दुसऱ्यानं कागद वर सरकवायचा. डॉसनं दोन्ही जपले, युनिक्सनं एकच ठेवला. सीपी/एममध्ये फाइलीची लांबी १२८च्या पटीतच मोजली जायची, म्हणून मजकूर नेमका कुठं संपला ते सांगायला शेवटी कंट्रोल-झेड नावाची एक अदृश्य खूण ठेवत. तीही डॉसमध्ये आली. वाचताना हे सगळं मला चर्चेपुरतं वाटलं. पण ही एकेक खूण पुढे आमच्या वाटेत आडवी आली.

लिनक्स हे युनिक्सच्या वळणाचं, १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्सनं सुरू केलेलं. दुसऱ्याच वर्षी त्यावर डॉसचं सोंग करणारा 'डॉसएमू' आला, २००२ साली 'डॉसबॉक्स' आला. भाच्यानं वापरला तो 'एमू२' नावाचा चिमुकला प्रोग्राम, मजकुरापुरतं डॉस दाखवणारा. जुना प्रोग्राम हाक मारतो, 'डॉसभाऊ, ही फाइल उघडा'. डॉसभाऊंच्या जागी हा बसलेला असतो आणि लिनक्सकडून फाइल आणून देतो. सी ड्राइव्ह म्हणून एक साधा कप्पा दाखवतो. सरांच्या प्रोग्रामला कळलंच नाही, की आपण तीस वर्षांनी उठलो आहोत.

पहिल्यांदा फाइल सापडेना. भाच्यानं वाट लिहिली होती ती डॉसच्या रीतीनं, उलट्या रेघेची. आणि शेलच्या भाषेत उलटी रेघ म्हणजे 'पुढच्या अक्षराचा वेगळा अर्थ घेऊ नकोस' अशी सूचना. दिवाणजी रेघा गिळून मोकळा. अवतरणचिन्हांत घातल्यावर वाट लागली. (म्हणजे चांगल्या अर्थानं.)

मग दुसरी अडचण. सरांनी शिस्तीत दर चोवीस ओळींनंतर 'पुढे जाण्यासाठी एंटर दाबा' असं ठेवलेलं. शंभराच्या घरात एंटर! मी दाबायला बसलोही असतो. पण भाचा हसला आणि त्यानं 'येस' नावाची आज्ञा पाइपनं पुढे जोडली. ही आज्ञा युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून आहे आणि तिचं आयुष्यातलं एकमेव काम म्हणजे विचारलं न विचारलं तरी 'हो, हो, हो' म्हणत राहणं. मरे हिलच्या जुन्या युक्तीनं सरांच्या प्रोग्रामला एंटर पुरवले, आणि क्षणात यादी ओतली गेली.

पण ती यादी! पडद्यावर सगळ्या उभ्या-आडव्या रेघा, कोपरे, ठोकळे आणि मध्येच ग्रीक अक्षरं. माझ्या पोटात खड्डा पडला. भाचा मात्र बारकाईनं बघत राहिला. "मामू, हे बिघडलेलं नाही. हे इस्कीमध्ये आहे."

इस्की म्हणजे भारतीय लिप्यांसाठी १९८८ साली ठरवलेली आणि १९९१ साली भारतीय मानक झालेली अक्षरांची क्रमांकपद्धत. तिच्यात क चा क्रमांक १७९. आयबीएमच्या पीसीत मात्र १७९ क्रमांकाला असते उभी रेघ, तक्त्याच्या चौकटी काढायची. क पासून ह पर्यंतची आपली सगळी व्यंजनं नेमकी त्या चौकटीच्या तुकड्यांवर येऊन पडतात. हलन्ताच्या जागी ग्रीक फाय, नुक्त्याच्या जागी थीटा. जिस्ट कार्ड हे क्रमांक ओळखून अक्षरं काढायचं. कार्ड गेलं, क्रमांक राहिले. अम्मीची 'खलम' भिंतीच्या तुकड्यांसारखी दिसत होती, पण होती.

इस्कीत अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं होती, म्हणून सरांना नुसत्या क्रमांकांवरून शब्द लावता आले. ळ तेवढा इस्कीत ल च्या मागोमाग येतो आणि मराठी कोशात ह च्या नंतर. सरांनी त्याच्यासाठी खास तजवीज केलेली दिसली. नुक्त्याचे शब्द मात्र बिचारे ख च्या रांगेत अगदी शेवटी उभे होते.

इस्कीचं युनिकोड करणारी तयार आज्ञा आहे. तीही पाइपला जोडली आणि भाच्याच्या काळ्या खिडकीत मराठी उमटली. इथं मला प्रश्न पडला. युनिक्सच्या या जुन्या आज्ञा इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या. त्या आपली देवनागरी न तुडवता पुढे कशा देतात?

उत्तर पुन्हा न्यू जर्सीत सापडलं. १९९१ साली युनिकोड आलं, त्यातली देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली. पण हे मोठे क्रमांक बाइटमध्ये मांडायचे कसे, यावर एकमत होईना. सप्टेंबर १९९२मध्ये एका संध्याकाळी थॉम्पसन आणि त्याचा सहकारी रॉब पाइक तिथल्या एका खाणावळीत जेवायला गेले आणि ताटाखालच्या कागदावर थॉम्पसननं तोडगा लिहून काढला. त्याचं नाव पुढे यूटीएफ-८ झालं. इंग्रजी अक्षर जसंच्या तसं एका बाइटचं. आपलं क तीन बाइटांचं. आणि त्या तिघांपैकी एकही बाइट कधीच तिरक्या रेघेसारखा किंवा ओळ संपल्याच्या खुणेसारखा दिसणार नाही, अशी रचना. त्यामुळे देवनागरीचा गंध नसलेला जुना प्रोग्रामही ती सुखरूप पुढे पोचवतो. ज्यानं १९६९ साली घर बांधलं, त्यानंच तेवीस वर्षांनी आपल्याला त्यात येण्यासाठी दार केलं. त्याच्या मनात मराठी होती असं मी म्हणत नाही. पण हिशेबात सगळ्या लिप्या होत्या, एवढं खरं.

ओळींना क्रमांक घातले तर शेवटचा आला २,३१८. मी चक्रावलो, सरांचा हिशेब चुकणं शक्य नाही. शेवटच्या ओळीवर काहीच दिसत नव्हतं. तीच ती कंट्रोल-झेडची अदृश्य खूण. भाच्यानं ती काढली. सरांचा आकडा बरोबर होता.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही यादी छापून अम्मीसमोर बसलो. तिचं वय आता एक्याऐंशी. भाचा वाचत होता, ती कधी हसत होती, कधी "ये मैं नै बोली" म्हणून हात झटकत होती. तो 'खबर' या शब्दावर आला. पुढे मी अर्थ लिहिला होता: बातमी. अम्मी म्हणाली, "हौर तेरे अब्बा की?"

कलमची जशी खलम, तशी तिच्या तोंडी कबरीचीही खबर होते. १९९३ साली अब्बा होते, हा अर्थ मला सुचलाच नव्हता.

मी भाच्याला म्हटलं, हा दुसरा अर्थ सरांच्या प्रोग्राममध्येच घालू या. त्यानं खटपट केली, पण जमेना. तिथं मराठी टंकायला ते कार्डच हवं. म्हणून तो अर्थ आम्ही नव्या, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिला. सरांची फाइल तशीच ठेवली आहे, कंट्रोल-झेडसकट.